दहावीनंतरच्या सुट्टीत काय करायचं?

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर सध्या एकच विषय. बापूच्या मुलीची दहावी संपली आणि तिला सायन्सला जायचंय.

"व्हेकेशन बॅचला टाकतोय," बापूने जाहीर केलं. "निकाल लागेपर्यंत अकरावीचा बराच पोर्शन उरकतो म्हणे."

"आणि पोरीने मामाकडे कधी जायचं?" अण्णा उसळला. "वर्षभर घाण्याला जुंपल्यासारखी राबली. दोन महिने सोड की तिला!"

"सोडतो. मग जेईईला बाकीची पोरं पुढे गेली की तू येणार का शिकवायला?"

बापूची भीती खोटी नाही. जेईई आणि नीटला अकरावी-बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो, सीईटीतही अकरावीचे साधारण 20 टक्के प्रश्न येतात. पण आमच्यातला मास्तर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याने शांतपणे विचारलं, "पोर्शन म्हणजे आधी काय घेणार?" बापूला सांगता येईना.

"राज्य मंडळाचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघड," मास्तर म्हणाला. "दुसराच धडा गणिती पद्धतींचा. व्हेक्टर, वर डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची ओळख. आता गणिताचं पुस्तक बघ. डिफरन्सिएशन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं, दुसऱ्या भागाच्या अगदी शेवटच्या धड्यात, आणि इंटिग्रेशन तर थेट बारावीला. फिजिक्सला जे सुरुवातीलाच लागतं, ते गणितात शिकवेपर्यंत वर्ष सरत येतं. पोरं इथे घाबरतात रे, आणि आपल्याला फिजिक्स जमत नाही असं धरून बसतात."

बोलता बोलता त्याने टपरीवरच्या पेपरच्या कोऱ्या कडेला दोन अक्ष काढले, आडवा वेळेचा आणि उभा वेगाचा, एक तिरकी रेघ ओढली आणि खालचा भाग पेनाने भरला.

"नववीत गतीची समीकरणं याच आलेखावरून काढलीत की नाही? हा समलंब चौकोन. याचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. हेच इंटिग्रेशन. आणि या रेषेचा चढ म्हणजे त्वरण, ते डेरिव्हेटिव्ह. चढ दहावीच्या भूमितीत झालाय, त्रिकोणमितीही झालीय. तेवढं पक्कं कर. प्रोजेक्टाइलमध्ये, म्हणजे तिरक्या फेकलेल्या वस्तूच्या गणितात, वेगाचे दोन घटक करा म्हटलं की साइन कुठे आणि कॉस कुठे, इथेच वर्ग अडखळतो."

मला मास्तरचं पूर्ण पटलं. तेच धडे आधी बॅचमध्ये आणि मग कॉलेजात ऐकून पोरांना ते ओळखीचे वाटतात, समजतातच असं नाही. सुट्टीत सकाळचे दोन तास त्रिकोणमिती, आलेख आणि लॉग टेबल वापरायची सवय. बापूची मुलगी मराठी माध्यमाची, म्हणून बालभारतीच्या अकरावी फिजिक्सच्या इंग्रजीतल्या पुस्तकाची दोन-दोन पानं रोज मोठ्याने वाचायची. पीडीएफ फुकट मिळते. बाकीचा दिवस तिचा. अण्णाचा मुद्दाही मला सोडवत नाही: दमलेलं पोर कॉलेज सुरू झालं की वर्गात बसतं, पण त्याच्या डोक्यात काही शिरत नाही.

"घरी बसून ती हे करेल याची खात्री काय?" बापू अजून अडूनच होता.

"मेच्या शेवटी माझ्याकडे पाठव," मास्तर म्हणाला. "एक आलेख समोर ठेवतो. मी काही शिकवणार नाही, तिने मला समजावून सांगायचं."

बापू याला तयार झाला. बॅचवाल्यांना मात्र त्याने अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, आणि त्यावरून अण्णा रोज त्याला धारेवर धरतोय.