प्सारूवर टॉवेल टाकायला पैसे लागत नाहीत

एका लेखात म्हटलंय की ग्रीसच्या मिकोनॉस बेटावरच्या प्सारू बीचवर सनबेड (भाड्याची आरामखुर्ची) बुक केल्याशिवाय पायच ठेवता येत नाही, हे साफ चूक आहे. ग्रीसमध्ये किनारा सगळ्यांचा असतो, बीचवरच्या क्लबवाल्यांना त्यातला ठरावीक तुकडा वापरायला भाड्याने मिळतो एवढंच. 2024 च्या कायद्याने तर खुर्च्या-छत्र्या पाण्यापासून किमान 4 मीटर लांब ठेवायचं बंधन घातलंय आणि मायकोस्ट या सरकारी ॲपवर कुणीही तक्रार करू शकतं. आम्ही टॉवेल टाकून बसलो तेव्हा एका क्लबचा पोरगा येऊन उठा म्हणाला, बायकोने शांतपणे विचारलं की तुमची हद्द कुठपर्यंत आहे ते दाखव, तर मॅनेजरला विचारून येतो म्हणून गेला तो परत काही फिरकला नाही!

हां, बीच लहान आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोकळी वाळू म्हणजे कडेची चिंचोळी पट्टी, त्यामुळे सकाळी लवकर जा. खोरा या बेटाच्या मुख्य गावातल्या फाब्रिका स्टॉपवरून शेजारच्या प्लातिस यालोस बीचची बस पकडायची आणि तिथून थोडं चालायचं, टॅक्सी अजिबात लागत नाही. पाणी इतकं नितळ की कमरेपर्यंत उभं राहिलं तरी पायाची बोटं मोजता येतात, आणि उन्हाळ्यातला मेल्तेमी नावाचा जोरदार वारा उत्तरेकडून सुटला तरी दक्षिणेकडचा हा किनारा बराच शांत असतो. दुपार कलली की क्लबचं म्युझिक दणकून सुरू होतं, ते बाहेरच्या वाळूवरही तेवढंच ऐकू येतं, नाचायला कुणी अडवत नाही. पुढच्या रांगेच्या सनबेडला शेकडो युरो मोजायचे ते मोजा, पण पैसे नाहीत म्हणून जाऊच नका असं लोकांना सांगू नका प्लीज.