हुकूमनामा झाला? आता निवांत बसा

तर तुम्ही दावा हरलात. दहा लाख रुपये व्याजासह द्या, असा हुकूमनामा झाला. समोरचा कोर्टाबाहेर पेढे वाटतोय. वाटू द्या, एक तुम्हीही घ्या. इथल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावरच सुरू होतात, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाने, 1872 सालीच लिहून ठेवलंय. बिचाऱ्याने वाचलेलं नसणार.

पैसे भरायची घाई कसली? निकालानंतरचं व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34 प्रमाणे एरवी सहा टक्क्यांच्या वर जात नाही. (व्यापारी व्यवहार असला तर जास्त लागू शकतं. म्हणून पैसे मागतानाच 'घरची अडचण आहे हो' म्हणायचं असतं.) पीपीएफवर 7.1 टक्के मिळतात, आणि त्या खात्यावर दिवाणी कोर्टाची जप्ती येत नाही. वर्षाला दीड लाखाचीच मर्यादा ठेवलीय, हा सरकारचा कद्रूपणा.

मग तो दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचा अर्ज, लावेल. लावू द्या. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं आणि 2025 मध्ये पुन्हा बजावलं. दोनदा का सांगावं लागलं, ते तुम्हीच ओळखा.

एक दिवस बेलिफ, म्हणजे जप्ती करणारा कोर्टाचा माणूस, दारात उभा राहील. त्याला रिक्षातून घेऊन समोरचाच आलेला असेल, भाडंही त्यानेच दिलेलं. चहा टाका. बेलिफ टीव्हीकडे बघून विचारेल, "हा कुणाचा?" टीव्ही सासऱ्यांचा, फ्रिज मेव्हण्याचा, स्कूटर मुलीच्या नावावर. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि अंगावरच्या कपड्यांना कायदाच हात लावू देत नाही. राहिला तुमचा चष्मा. मेव्हण्याला मात्र फ्रिजसाठी लेखी हरकत घ्यायला लावा. एका फ्रिजवर चार-सहा तारखा सहज निघतात.

अटकेची भाषा निघाली तरी घाबरू नका. नुसती ऐपत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, बदनियत दिसावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगितलंय. तेव्हा तारखेला झिजलेली चप्पल घाला आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावा. अटक करायला सूर्यास्तानंतर घरात शिरता येत नाही, म्हणजे रात्रीचं जेवण तरी घरचंच.

आणि समजा, गेलातच आत. मुक्काम जास्तीत जास्त तीन महिने. तिथला तुमचा निर्वाह भत्ता कोण भरतो माहीत आहे? तोच, पेढेवाला. दहा लाख बुडालेत, वर तुमच्या आमटी-भाताचे पैसेही त्यानेच भरायचे, तेही आगाऊ. त्यात चुकला की तुम्हाला सोडून देतात, आणि त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक करता येत नाही. कर्ज तेवढं अंगावर राहतं, पण त्याची तुम्हाला आता सवय झालीच आहे. पैसे वेळेवर न भरल्याची हातोहात शिक्षा आपल्या कायद्यात आहे बरं का. फक्त ती त्याला आहे.