चढाक ढकलूक लागता

गणपतीत गावच्या हायस्कूलमधल्या मुलींना चाळीस सायकली वाटायच्या, असं आमच्या मुंबई मंडळाच्या मनात आहे. त्यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, मुली शाळेत टिकल्या, मग आपल्याकडे का नको? दुसरा म्हणतो, बिहार सपाट आहे, देवगडच्या घाट्यांवर सायकल काय कामाची? त्यापेक्षा एसटीची फेरी वाढवून घ्या. मी राहतो नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला. तेव्हा सायकलीच्या बाजूने मी हात वर करणारच, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

इथे माणसं सुमारे 1 कोटी 80 लाख आणि सायकली 2 कोटी 30 लाखांच्या वर. आमच्या स्टेशनाखालच्या तळात एकावेळी 12,500 सायकली उभ्या राहतात. बेवारस सायकली नगरपालिका उचलून नेते, तेव्हा हळहळ वाटते. त्याच हळहळीपायी मी काही वर्षांपूर्वी गावी पैसे पाठवले होते. बारा सायकली आल्या, हार घातले, नारळ फुटले, फोटो आले.

दोन वर्षांनी मे महिन्यात गेलो तर तीन सायकली एका मांगरात, गवताच्या भाऱ्यांखाली. चेन गंजून कड्याकड्यांत धरलेली, तिच्यावर लाल मातीचा पापुद्रा. एकीच्या ब्रेकची रबरं पार झिजून पत्रा रिमवर घासत होता. मालकीण दहावीतली. मी विचारलं, चालवत का नाहीस? म्हणाली, "काका, चढाक ढकलूक लागता, आणि उताराक ब्रेक लागनत नाय." जवळचा दुरुस्तीवाला अकरा किलोमीटरवर. तिथवर सायकल एसटीच्या टपावर टाकून न्यायची, म्हणजे बापाचा एक रोज बुडाला.

इथली साधी सायकल मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो. चेन पूर्ण पेटीत बंद, मीठ-पाऊस आत शिरत नाही. पायडल उलटं दाबलं की ब्रेक, रबराची भानगड नाही. पण तीच जड, बिनगिअरची सायकल आमच्या घाटीत दिली तर मुलगी मला शिव्या देईल.

सपाट जमिनीचं म्हणाल, तर तीही अर्धीच गोष्ट. 1971 साली या सपाट देशात रस्त्यावर 3 हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात 400च्या वर लहान मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सायकलींना आपली वाट मिळाली. जमीन आधीही सपाटच होती.

बिहारचा अभ्यास झाला, त्यात मुलींची नोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. पण जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे. आमच्या मंडळाने वाडीवार अंतर मोजलंय का? नाही. शाळेत मुली चाळीस, म्हणून सायकली चाळीस.

एसटीवाल्यांचं म्हणणं मला निम्मं पटतं. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट आहे, पण सकाळची गाडी सातची आणि संध्याकाळची पाचची. जादा तास असला की एक तर तास सोडायचा, नाहीतर गाडी.

म्हणून मी मंडळाला कळवलं: सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, तीन वाड्यांतून शाळेपर्यंत रस्ता बिनचढाचा आहे, तिथल्या पंधराजणींना सायकली द्या, जमल्यास गिअरच्या. खाडीकाठच्या मुलींना सायकल देऊ नका, त्यांच्यासाठी डेपोत जाऊन बसा, मीही अर्जावर सही करतो. उरलेल्या पैशात गावातल्या एका पोराला दुरुस्ती शिकवा आणि पावसाळ्याआधी व नंतर त्याच्याकडून सगळ्या सायकली तपासून घ्या. त्याची मजुरी पाच वर्षं मी देतो.

पैसे परवा पाठवले. पावतीवर 'चेन, रबरं, ट्यूब आणि मजुरी' असं लिहा म्हटलं. खजिनदारांचा फोन आला, पावतीपुस्तकात तसा रकाना नाही, 'सायकल वाटप' लिहू का?