पावणेतीन फुटांचा ओटा

"आमचं पोरगं स्वतःचं काहीच करत नाही हो," असं कुणी म्हणालं की मी विचारते, त्याचा टॉवेल कुठे टांगता? बहुतेक घरांत तो दारामागच्या उंच खुंटीवर असतो. मग ते "आई, पुसून दे" म्हणून ओरडणारच ना!

आपली घरं मोठ्यांच्या मापाची आहेत. चूल जमिनीवर होती तेव्हा भाजी निवडणं, लसूण सोलणं, पानं मांडणं सगळं खाली बसून चालायचं आणि पोरं त्या पसाऱ्यातच असायची. (चुलीपाशी भाजलेली पोरंही कमी नव्हती, त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही.) आता ओटा पावणेतीन फुटांवर आणि तीन वर्षांचं मूल जेमतेम तीन-सव्वातीन फुटांचं. त्याला स्वयंपाकातलं दिसतं काय, तर ट्रॉल्यांची हँडलं.

इटलीतल्या डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये बालघर सुरू केलं, तिथलं सामान मुलांच्या मापाचं होतं. आपल्याकडे बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडच्या बोर्डीला, पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या शिंपले, बिया, पानं असल्या आसपासच्या वस्तूंवर. तेव्हा ऑनलाइन मिळणारा हजारोंचा 'माँटेसरी सेट' राहू द्या. एक खुंटी खाली ठोका. बेसिनपुढे भक्कम, न डुगडुगणारा स्टूल ठेवा. छोटा तांब्या आणि फुलपात्र हाताशी असू द्या, आणि पाणी सांडेल म्हणून फडकंही. मटार सोलायला खाली सतरंजीवर बसा.

कपड्यांची एक युक्ती फार कामाची: शेवटची पायरी आधी शिकवायची. चड्डी गुडघ्यांपर्यंत तुम्ही चढवा, वर त्याला ओढू द्या. जमलं की घोट्यापर्यंतच चढवा. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, त्यामुळे ते चिडत नाही. बटणं मात्र सावकाश येतात. शाळेच्या घाईत तो हट्ट नको, रविवारी करा.

आणि एक, यावर भांडण झालं तरी चालेल. चार वर्षांच्या नातीला "ताटल्या घे गं" म्हणणारी आजी त्याच वयाच्या नातवाला भरवत असते, वर मोबाइल लावून. आजीला काही बोलायच्या आधी त्या घरातल्या बाबांनी स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवावं.