डीमध्ये टाका आणि वाट पाहा

ऑटोमॅटिक गाडी मी एकाच कारणासाठी घेतली होती. गिअरचा विचार डोक्यातून कायमचा जावा. क्लचवरचा पाय सेवानिवृत्त व्हावा, एक हात मोकळा राहावा आणि डोकं इतर चिंतांसाठी रिकामं असावं. गाडीला सतरा वर्षं झाली आणि आता मी गिअरखेरीज दुसऱ्या कशाचाच विचार करत नाही.

सुरुवात अगदी सभ्यपणे झाली. दांडी ‘डी’वर, म्हणजे ड्राइव्हवर (पुढे जायच्या खुणेवर) आणली, ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी हललीच नाही. बंद पडली नव्हती, विचार करत होती. दीड सेकंदाने खालून ‘धड्’ असा आवाज आला आणि, साखरझोपेतून उठवलेल्या माणसाने पांघरूण भिरकवावं तशी, ती पुढे उसळली.

“काय केलंस?” बायकोने विचारलं.

“मी? काही नाही.”

“मग आधी कधी असं नाही झालं ते?”

या युक्तिवादाला उत्तर नसतं.

दीड सेकंदाचे तीन झाले, तिनाचे पाच. मी मनात आकडे मोजायला शिकलो. गल्लीच्या तोंडाशी थांबून निघायचं म्हणजे तर परीक्षाच, कारण रस्ता मोकळा दिसला तरी आपण नेमके कधी निघू हे आपल्याच हातात नाही. मग मी एक युक्ती काढली. समोरच्याला हाताने ‘तुम्ही आधी’ अशी खूण करायची आणि तो जाईपर्यंत मोजून घ्यायचं. इतक्या लोकांना मी वाट दिली की त्या रस्त्यावर एक अतिशय सुसंस्कृत गृहस्थ म्हणून माझी ख्याती झाली असणार.

चढावर मात्र सुसंस्कृतपणाचा उपयोग नाही. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन किंचाळायचं, आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा चार हजारांवर आणि वेगाचा काटा चाळिसावरून तिसाकडे. आवाज विमानाचा, वेग गोगलगाईचा. याला ‘गिअर स्लिप होणं’ म्हणतात हे मला कळलं, आणि एकदा शब्द कळला की माणूस थांबत नाही. मी रात्र रात्र वाचू लागलो.

या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये नेहमीचा क्लच नसतो, टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन पंखे समोरासमोर ठेवलेत आणि मध्ये तेल आहे असं समजा. इंजिन एक पंखा फिरवतं, ढवळलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. ही मूळ कल्पना जहाजांसाठी होती. हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. आमची गाडी बंदर सोडल्यासारखी का निघते याचा उलगडा मला तेव्हा झाला. पुढे गिअरबॉक्समध्ये मधोमध सूर्य नावाचं चाक, त्याभोवती ग्रह नावाची छोटी चाकं आणि बाहेरून एक दातेरी कडं. यातलं कोणतं चाक धरायचं आणि कोणतं सोडायचं हे पातळ क्लच प्लेटा तेलाच्या दाबाखाली ठरवतात. तेल अडवणारे सील कडक झाले, प्लेटा झिजल्या, की पकड सुटते. थोडक्यात, अख्खी सूर्यमाला माझ्या पायांशी फिरत होती आणि तिची ग्रहदशा वाईट होती.

मिस्त्रीकडे नेली. तिथे ती इतकी शहाण्यासारखी वागली की मलाच लाज वाटली. त्याने वीस मिनिटं फिरवून आणली. “साहेब, एकदम मस्त चालतेय की!” मी ओशाळून किल्ली घेतली. कोपऱ्यावर वळलो आणि धड्.

दुसऱ्या वेळी त्याने स्कॅनर लावला. पडद्यावर कोड आला, पी०७००. मी श्वास रोखून अर्थ विचारला. अर्थ असा की गिअरबॉक्सच्या नियंत्रणात काहीतरी बिघाड आहे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून शेवटी ‘तुम्हाला बरं नाहीये’ असं निदान सांगावं, तसं झालं. नशिबाने मागोमाग पी०७३० होता. गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. ते तर मी कधीपासून मोजत होतो.

मग त्याने तेलाची पट्टी ओढली. हे तेल नवं असताना लाल असतं. आमचं काजळीसारखं काळं होतं आणि करपल्याचा वास मारत होतं. त्याने ते दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि काहीच बोलला नाही. मिस्त्री बोलत असतो तोवर आशा असते.

“तेल बदलू या?” मी विचारलं. तिथे जमलेल्यांत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे आत्ताच्या आत्ता बदला. दुसरा म्हणे हातही लावू नका, प्लेटांची झिजलेली पूड या जुन्या तेलात आहे, तिच्याच जोरावर थोडी पकड उरलीय. म्हणजे इतके दिवस आमची गाडी मळावर चालत होती! मी घरी येऊन गाडीचं माहितीपुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं की हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. कोणाच्या आयुष्यभर, ते लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर गाडीच्या संगणकानेच धसका घेतला. मध्येच एक दिवा लागायचा आणि ती तिसऱ्या गिअरमध्ये स्वतःला कुलूप लावून घ्यायची. उरलासुरला गिअरबॉक्स वाचावा म्हणून ही सोय असते. आम्ही लंगडी घालत घरी यायचो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केलं की बाईसाहेब सगळं विसरलेल्या.

आणि एका सकाळी रिव्हर्स गेला. माणूस आयुष्यात किती वेळा मागे जातो हे रिव्हर्स गेल्यावर समजतं. मी तोंड चढाकडे करून गाडी लावू लागलो, म्हणजे ब्रेक सोडला की ती आपोआप मागे येईल. गुरुत्वाकर्षणाला मी माझा रिव्हर्स गिअर नेमला. ते पगार मागत नाही आणि स्लिपही होत नाही.

शेवटी पुढचेही गिअर गेले. रस्त्यात एक भला माणूस दोर घेऊन आला, “ओढून नेऊ या.” मी त्याला समजावलं, की इंजिन बंद तर तेलाचा पंप बंद, आतला गिअरबॉक्स कोरडा फिरेल, त्यामुळे इंजिन फिरवतं ती चाकं जमिनीवरून उचलूनच न्यायला हवी, आणि ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू का होत नाही याचंही मूळ तिथेच आहे. सूर्य आणि ग्रहांपर्यंत पोहोचलो तेव्हा तो दोर गुंडाळून निघून गेला होता.

गिअरबॉक्स उतरवला. मिस्त्रीने खालच्या चेंबरमधलं लोहचुंबक दाखवलं. त्यावर लोखंडाच्या भुग्याची दाट मिशी उगवली होती. प्लेटा पार टकल्या झालेल्या. नव्या प्लेटा, नवे सील, नवं लाल तेल, आणि मग बिल, ज्याबद्दल बोलायला नको.

गाडी घेऊन बाहेर पडलो. त्याच गल्लीच्या तोंडाशी थांबलो. समोरून एक गाडी आली. मी सवयीने हात हलवला, ‘तुम्ही आधी’, सवयीनेच ब्रेक सोडला आणि मोजायला सुरुवात केली. “एक” म्हणायच्या आत आम्ही रस्त्याच्या मधोमध होतो. तोही निघाला होता. दोघांनी करकचून ब्रेक लावले. दोन बंपरांमध्ये वीतभर अंतर.

त्याने काच खाली केली. “अहो, जायचंय की जाऊ द्यायचंय, एकदा काय ते ठरवा ना!”