साथीत बस बंद नको, तिच्या खिडक्या उघड्या हव्यात

साथरोग कायदा 1897 सालचा आहे. रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला, आणि प्लेगच्या धास्तीत केलेला तोच कायदा 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढण्यात आला. प्रवाशाला अडवण्याची आणि तपासण्याची सवय आपल्या प्रशासनाला अशी सव्वाशे वर्षांची आहे. तो प्रवासी ज्या वाहनात बसतो, तिथल्या हवेचा विचार मात्र कोरोनाच्या काळातही फारसा झाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मे 2020 मध्ये कर्नाटकात बस पुन्हा धावू लागल्या, तेव्हा एका बसमध्ये 30 प्रवाशांचीच मर्यादा होती. परिवहनमंत्री आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील अथणीचे लक्ष्मण सवदी होते. तिकीट न वाढवता अर्धवट भरलेल्या गाड्या सोडण्याचा तो निर्णय महामंडळांना परवडणारा नव्हता, तरीही तो योग्य होता. परंतु दांडे पुसणे आणि फवारणी करणे यांवर जेवढे लक्ष गेले, तेवढे खिडक्यांवर गेले नाही. चीनमध्ये जानेवारी 2020 मध्ये एका धार्मिक कार्यक्रमाला निघालेल्या दोन बसचा अभ्यास पुढे प्रसिद्ध झाला: ज्या बसमध्ये एक बाधित प्रवासी होता आणि वातानुकूलन यंत्रणा आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होती, तिथे 68 पैकी 24 जण बाधित निघाले, तर दुसऱ्या बसमधील 60 पैकी एकही नाही.

आपल्या साध्या बसमध्ये वातानुकूलन नाही, हे एका अर्थाने भाग्यच म्हणायचे. पण खानापूरकडे जाणाऱ्या एखाद्या जुन्या गाडीत चढून पाहावे. काच सरकवायला जावे तर ती निम्म्यावर अडते, खाचेत धूळ आणि गुटख्याच्या रिकाम्या पुड्या दाबून बसलेल्या असतात, आणि दोनदा जोर लावून पाहिल्यावर माणूस नाद सोडून देतो. डेपोत गाडी धुताना या खाचा साफ करणे हे खर्चाचे काम नाही. जून ते सप्टेंबरमध्ये जांबोटी-कणकुंबीच्या पावसात खिडक्या उघड्या ठेवा असे सांगणे हास्यास्पद ठरेल. मास्कची सक्ती खरी तिथे हवी, आणि मास्क नसलेल्याला दंड करण्यापेक्षा वाहकाने त्याच्या हातात एक मास्क द्यावा.

गर्दीचा प्रश्न आता अधिक कठीण झाला आहे. जून 2023 पासून शक्ती योजनेत महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. ही योजना मला मान्य आहे, कारण तिने कित्येक जणींना घराबाहेर पडण्याचे बळ दिले. पण सकाळी कॉलेजच्या वेळेला वाहक ‘मुंदं होगरी, मुंदं होगरी’ (पुढे सरका) म्हणत माणसे आत रेटतो, तेव्हा पुढच्या साथीत 30 चा आकडा पाळायचा तर दुप्पट गाड्या लागतील, हे आजच लक्षात घ्यायला हवे.

सर्वांत मोठी चूक सीमेवर झाली. आंतरराज्य बस बंद राहिल्या, आणि पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना 72 तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा झाला. परंतु चंदगड-गडहिंग्लजच्या माणसाला दवाखान्यासाठी बेळगाव गाठावेच लागते, आणि निपाणीकडच्या कामगाराला कागलच्या एमआयडीसीत जावेच लागते. बस नसली की तो वडाप, म्हणजे माणसे भरून नेणारी खासगी गाडी, गाठतो. तिथे चालकाशेजारी तिघे आणि मागे गुडघ्याला गुडघा लावून आठ-दहा जण बसतात, पाऊस असला तर ताडपत्रीही खाली सोडलेली असते. ना तिकीट, ना मर्यादा, ना कोण कोणाबरोबर बसले याचा पत्ता. बस बंद करून आपण धोका कमी केला नाही, तो नजरेआड केला. (आणि नाक्यावर तासन्‌तास एकमेकांना खेटून उभ्या राहिलेल्या रांगा वेगळ्याच.)

म्हणून दोन्ही राज्यांच्या महामंडळांनी साथ नसताना, आत्ताच, बसून ठरवावे की आणीबाणीतही कोणत्या मार्गांवर रुग्ण आणि कामगारांसाठी किती फेऱ्या चालू राहतील. त्या गाड्यांवरील सूचना कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत असतील. ताप आलेल्या चालक-वाहकाला पगार न कापता रजा मिळेल. कोल्हापूर आणि बेळगाव या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने ही यादी तयार असावी. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालासाठी ही यादी थांबण्याचे काही कारण मला दिसत नाही.