‘ऑटिझम मोठेपणी जातो’ या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑटिझम मोठेपणी आपोआप जातो, आणि ज्यांचा जात नाही ती माणसं आयुष्यभर दुःखी असतात.’ दोन्ही गोष्टी चूक आहेत.

ऑटिझम म्हणजे काही ताप नव्हे, उतरायला. मेंदूची ती घडण जन्मापासूनची; तिच्यामुळे लोकांशी वागणं-बोलणं, आवाज-उजेड जाणवणं वेगळं असतं. साठीतही तीच राहते. गेल्यासारखी दिसते, कारण माणूस लपवायला शिकतो. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान एकतिसाव्या वर्षी झालं. तोवर लग्नाकार्यात समोरच्याच्या दोन भुवयांमधल्या जागेकडे बघत बोलायचे, म्हणजे नजरेला नजर दिल्यासारखं वाटतं. घरी आले की दिवे घालवून दोन तास नुसती पडून राहायचे. निदान कळलं तेव्हा रडले, पण सुटल्यासारखं वाटून.

सगळ्यांचं असंच असतं असं मी म्हणणार नाही. कुणाला आपलं ऑटिस्टिक असणं आवडतं, कुणाला खरोखर जड जातं. मला तर एकाच दिवसात दोन्ही वाटतं. ऑटिस्टिक प्रौढांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, हे खरं आहे. पण त्यात सततच्या लपवाछपवीचा, टोमण्यांचा, गोंगाटाचा वाटा मोठा. रात्रीच्या सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊबाजाराच्या गर्दीत, मला पाच मिनिटं उभं राहवत नाही. तिथलाच भुट्ट्याचा कीस घरी आणला की सगळ्यांशी गप्पा मारत खाते.

आणखी एक: २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात ऑटिझम आहे, तो फक्त मुलांपुरता नाही.

तो मेसेज तुम्ही पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.